बुधवारचा माणूस

लॉन्ड्रीत त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे बुधवार. "बुधवार आला का?" "बुधवारचा चहा ठेवलास का?" "हा ड्रायर मधूनच का थांबतो ते बुधवारला विचारू." पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा तो जरा खट्टू झाला होता. मग आवडायला लागलं. आठवड्यातला एक अख्खा वार आपल्या नावावर चढणं ही काही चेष्टा नाही.

त्याचा धंदा मात्र कुणाला झटकन कळत नसे. त्याच्या सासूबाई अजूनही शेजारणींना सांगत, "जावई कॉम्प्युटर दुरुस्त करतात, घरोघरी जाऊन." खरं तर त्याने आयुष्यात कॉम्प्युटरचा एक स्क्रू पिळला नव्हता. लहान कंपन्यांना पूर्णवेळ तंत्रज्ञान-प्रमुख परवडत नाही आणि गरज तर असते. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कोणता विक्रेता टोपी घालतोय, कुणाला काय बघू द्यायचं आणि काय नाही, हे सांगणारं एक शहाणं माणूस लागतं. तो असा अर्धवेळ शहाणा होता. सोमवारी औषधांचं गोदाम, मंगळवारी मोटार शिकवणारी शाळा, बुधवारी लॉन्ड्री, शुक्रवारी टाइल्सचं दुकान. गुरुवार त्याने स्वतःसाठी ठेवला होता आणि त्या दिवशी तो बहुतेक वेळ झोपत असे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," बायको म्हणायची.

"चिंध्या नाहीत, गिऱ्हाइकं आहेत."

"आणि रविवार कुणाचा?"

"तुझा."

"तोही अर्धवेळच," असं म्हणून ती उठून जायची.

तिच्या बोलण्यात खोच असली तरी विष नव्हतं. तिने त्याचे पूर्णवेळ दिवस पाहिले होते. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्याने एका मोठ्या कंपनीत घातली होती. उशाखाली फोन ठेवून झोपायचा. मुलीच्या शाळेचा कार्यक्रम चालू असताना तो बाहेर जिन्यात उभं राहून कुणाला तरी पासवर्ड सांगत असायचा. एके दुपारी कंपनीने त्याला खोलीत बोलावलं, आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं टेबल दुसऱ्याचं झालं. तो एका खोक्यात कप आणि चपला घेऊन घरी आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याने ठरवलं, आता कुठल्याही एका ठिकाणी सबंध जीव टांगायचा नाही. ज्याचा वार, त्याचा मी. एकाच्या वारी बाकीच्यांचे फोन आणि निरोप त्याच्या फोनवर आवाजच करत नसत. तशी व्यवस्था त्याने स्वतः बसवली होती. नव्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या भेटीत तो हे सांगे आणि सांगताना हसत नसे.

टाइल्सवाले शेठ नियम ऐकून मान डोलवायचे आणि दुसऱ्याच दिवशी तो मोडायचे. याचा फोन गप्प, म्हणून ते सरळ याच्या बायकोला फोन लावत. तिचा नंबर त्यांनी कुठून पैदा केला देव जाणे. संध्याकाळी घरी आल्यावर बायको हात लांब करून फोन पुढे धरायची. "हे घ्या. तुमचा शुक्रवार रडतोय." मग चडफडत का होईना, तो बोलायचा. जो ओरडतो त्याचं काम आधी होतं, हा जगाचा न्याय त्याच्याही घरात चालत होता.

लॉन्ड्रीच्या बाई वेगळ्या होत्या. बाई म्हणजे मालकीणबाई. नवऱ्यामागे दोन पिंपं आणि एक इस्त्री यावर त्यांनी धंदा उभा केला होता. आता खालच्या मोठ्या खोलीत माणूस आत उभा राहील एवढाली धुलाई यंत्रं होती, जमिनीत मधोमध पाण्याचा पाट होता, आणि पलीकडे इस्त्रीचे गरम रूळ. दोन बायका ओलसर चादर त्या रुळांत सोडायच्या आणि दोन पलीकडून ती गरमागरम झेलायच्या. वरच्या खोलीत घड्या घालायचं लांबलचक टेबल होतं, कडेला हात घासून घासून पांढुरकं झालेलं. बाई त्या टेबलाच्या टोकाशी बसत. केबिन होती, पण तिच्यात सुनेचा कॉम्प्युटर आणि साबणाची पोती असत.

बाईंनी पहिल्या दिवशी त्याचा नियम ऐकला, चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "म्हणजे आमच्या बुधवारी दुसऱ्या कुणाचं घर जळत असलं तरी तुम्ही फोन घेणार नाही?"

"घर जळत असलं तर ते आग विझवणाऱ्यांना बोलावतील, बाई."

"हे मात्र खरं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "चांगलं आहे. आमच्याकडेही हेच आहे. एकाची चादर दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये. मागे एक हॉटेलवाला रडकुंडीला येऊन बसला होता, बाई, आजच्या दिवस दुसऱ्या हॉटेलच्या चादरी द्या, उद्या परत करतो. नाही दिल्या. पाहुणे आले म्हणून काय झालं. ज्याचं त्याला."

तेव्हाच त्याला बाई आवडल्या. एवढ्या ठिकाणी एवढ्यांदा नियम सांगितला, पण तो आपलाच असल्यासारखा कुणी उचलला नव्हता. त्याने तेव्हाच ओळखायला हवं होतं की त्याच्या दृष्टीने ती एक सोय होती आणि बाईंच्या दृष्टीने ते व्रत होतं. ते त्याने ओळखलं नाही.

बुधवारी त्याच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवलेली असे. आठवडाभर साठवलेले प्रश्न सूनबाई एकेक करून पुढे ठेवत. सूनबाई चटपटीत होत्या, कॉम्प्युटरवर हात बसलेला होता, घाई मात्र फार. प्रश्न कॉम्प्युटरचे असत तसेच इतरही असत. नवीन पंखा कोणता घ्यावा. थोरल्या नातवाने पुढे काय शिकावं. रुळावरच्या एका बाईने तर त्याला लेकीसाठी आलेल्या मुलाचा फोटो दाखवून विचारलं होतं, "साहेब, हा कसा वाटतो?" तो म्हणाला होता, "मी फक्त यंत्रांचं सांगतो." त्यावर ती म्हणाली, "मग बरोबर आहे, हा पण बोलत नाही." सगळे हसले. तोही हसला. 'बुधवारी विचारू' हा त्या घरातला परवलीचा शब्द झाला होता, आणि त्याला त्याची गुंगी चढली होती हे कबूल केलं पाहिजे. मोठ्या कंपनीत कुणी त्याची वाट पाहत नव्हतं. इथे आठवडाभर पाहत होते.

मग हॉस्पिटलचं काम आलं.

आजवर लॉन्ड्री हॉटेलं आणि खानावळी यांच्या चादरी, टेबलक्लॉथ धूत आली होती. आता एक मोठं हॉस्पिटल आपलं सगळं कापड बाहेर द्यायला निघालं होतं. बाईंच्या मागे उपनगरातली एक बडी लॉन्ड्री हात धुऊन लागली होती. तिने एकामागून एक हॉटेलं गिळली होती. हॉस्पिटल मिळालं तर बाई तगणार, नाही तर विकून मोकळं व्हावं लागणार, हे रुळावरच्या बायकांनाही ठाऊक होतं. बाईंनी उरलीसुरली पुंजी घालून एक नवं यंत्र आणलं आणि ते बसवताना जवळ उभ्या राहून एक शब्द बोलल्या नाहीत.

हॉस्पिटलची अट होती की प्रत्येक कापडाचा माग लागला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या खोलीतली चादर लहान मुलांच्या खोलीत जाऊन चालणार नाही. तेव्हा त्याने नवी व्यवस्था बसवली. प्रत्येक कापडाच्या काठात बटणाएवढी चिप शिवलेली. दारात एक कमान. ट्रॉली कमानीखालून गेली की पडद्यावर आपोआप उमटायचं, अमुक मजला, अमुक खोली, इतकी कापडं. सगळं जुळलं तरच गाडीचा कागद छापून यायचा, आणि कागदाशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

चाचणीच्या दिवसांत सूनबाईंनी घाईघाईत चिपांची एक अख्खी खेप चुकीच्या नावावर चढवली. एका हॉटेलचे टेबलक्लॉथ हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर दाखवायला लागले. चाचणीच होती, कुणाचं काही बिघडलं नाही, सगळ्यांनी दात काढले. पण त्याने त्याच दिवशी कुलूप घातलं. चिपांची नवी खेप आली की ती त्याच्या मंजुरीशिवाय चालू होणार नाही. मंजुरी मागणारा निरोप त्याच्या फोनवर येणार, त्याने एकदा बोट टेकवलं की झालं.

सूनबाई जरा हिरमुसल्या. "मला नाही का देता येणार मंजुरी?"

"देऊ की. थोडं रुळू दे."

मग त्याने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून बजावलं. "एक गोष्ट लक्षात ठेवा. काही अडलं तर आडवाट काढायची नाही. हाताने मोजून, चिठ्ठ्या लिहून गाड्या पाठवायच्या नाहीत. आडवाट एकदा काढली की तीच हमरस्ता होते, आणि मग ही सगळी यंत्रं शोभेची." बाईंनी मान हलवली. बाईंनी मान हलवली म्हणजे ते दगडावर कोरलं गेलं.

काम सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या बुधवारी तो निघाला तेव्हा बाई जिन्यापर्यंत आल्या. एरवी त्या जागेवरून उठत नसत.

"हॉस्पिटलची पहिली गाडी शुक्रवारी आहे," त्या म्हणाल्या.

"सगळी तयारी झाली आहे, बाई. आलेल्या खेपेला मी आजच मंजुरी दिली आहे. बटण दाबायचं, कागद येईल."

"ते झालंच. पण तुम्ही असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांच्यासारख्या बाईला एवढं म्हणणंही किती जड गेलं असेल, हे त्याला नंतर कळलं. नंतर त्याला बरंच काही कळलं.

"शुक्रवार टाइल्सवाल्यांचा आहे, बाई."

"हो, हो. बरोबर आहे. ज्याचं त्याला." त्या लगेच मागे वळल्या. आपण काहीतरी वावगं मागितलं असं वाटून त्यांचे कान लाल झाले होते.

जिना उतरताना त्याला क्षणभर वाटलं की यावं शुक्रवारी. मग त्याने स्वतःला समजावलं, आज यांच्यासाठी मोडला तर उद्या शेठसाठी मोडावा लागेल, परवा गोदामवाल्यांसाठी, आणि पुन्हा फोन उशाखाली. समजूत पक्की होती. तिच्यात एकच खोट होती, की शेठसाठी तो नियम केव्हाच मोडून बसला होता.

शुक्रवारी टाइल्सच्या दुकानात काही म्हणता काही काम नव्हतं. शेठनी त्याला सकाळभर बसवून ठेवलं. त्याने एका प्रिंटरची कुरकुर ऐकली. मग शेठनी त्याला न्हाणीघराच्या टाइल्सचे नमुने दाखवले आणि यातला कोणता निळा बरा, असं विचारलं. दुपारी दुकानाच्या वेबसाइटवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा की नाही यावर खल झाला. बदलायचा नाही असं ठरलं. त्याने चहा घेतला, परत घेतला. वरच्या खिशात फोन होता. तो गप्प होता, कारण त्यानेच त्याला गप्प केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायलासुद्धा कुणी बाहेर पडलं नव्हतं. सगळे वाट पाहत बसले होते.

शनिवारी सकाळी चहाबरोबर तो चारी ठिकाणचे निरोप वाचत असे. लॉन्ड्रीचं पान उघडलं आणि त्याचा हात थांबला. नव्या खेपेची मंजुरी हवी. नव्या खेपेची मंजुरी हवी. खाली सरकवत गेला तरी तेच. यंत्राने न थकता दिवसभर तोच निरोप पाठवला होता. माणसाचा एकही नव्हता. एकही फोन नाही, एकही ओळ नाही. त्याने बोट टेकवलं. पडद्यावर उमटलं: धन्यवाद, खेप चालू झाली आहे. एवढंच काम होतं. पाव चावता चावता होण्यासारखं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तो शर्ट घालत होता.

"लॉन्ड्री."

"आज शनिवार आहे ना?"

तो बाहेर पडला.

आवारात हॉस्पिटलची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर तिच्या पायरीवर डोकं टेकून बसला होता. आत यंत्रं बंद. त्या खोलीत त्याने यंत्रं बंद कधी ऐकली नव्हती. वरच्या खोलीत भिंतीला लागून ट्रॉल्या उभ्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीत पांढऱ्याशुभ्र चादरी, काठाला काठ लावून रचलेल्या. इतकं सुंदर काम त्या घरातून कधी झालं नव्हतं. मंजुरी आल्याचं पडद्यावर उमटलं होतं, पण अजून कुणी ट्रॉली हलवली नव्हती. बायका टेबलाभोवती उभ्या होत्या. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सूनबाईंनी सांगितलं ते असं. शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलने ठरल्यापेक्षा जास्त कापड पाठवलं. आणखी एका मजल्याचं, कोरं करकरीत, नव्या चिपा शिवलेलं. त्यात कुणाचा दोष नव्हता, उलट विश्वासानेच पाठवलं होतं. सगळं धुऊन, घड्या घालून दुपारी गाडी भरायला घेतली तर कमानीवर तांबडा दिवा. नवी खेप, मंजुरी बाकी. एक खेप अडली म्हणून गाडीचा कागद अडला, आणि कागदाशिवाय गाडी हलवायची नाही.

"मी म्हटलं, आई, साहेबांना फोन लावते," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढू नये म्हणून त्या धडपडत होत्या. "आई म्हणाल्या, नको. मी म्हटलं, मग हाताने मोजून पाठवू. त्यालाही नको. रात्री हॉस्पिटलचा फोन आला. मग पुन्हा आला. मग यायचा बंद झाला. आज सकाळी त्यांनी पेशंटच्या घरच्यांना घरून चादरी आणायला सांगितलं. ऑपरेशनं पुढे ढकलली."

बाई टेबलाच्या टोकाशी आपल्या जागेवर होत्या. रात्री घरी गेल्या नव्हत्या हे साडीवरून दिसत होतं. तो समोर जाऊन उभा राहिला.

"फोन का नाही केलात, बाई?"

"तुमचा वार नव्हता."

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्या समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या.

"निरोप तर जात होता तुमच्याकडे," त्या पुढे म्हणाल्या. "पडद्यावर लिहून येत होतं, पाठवला, पाठवला. मला वाटलं, तुम्ही पाहिला असेल. त्यांच्या कामातून सवड झाली की कराल. सारखं टोचणं बरं दिसत नाही."

"माझा फोन वाजतच नाही. दुसऱ्यांच्या वारी तो वाजतच नाही, बाई."

"हो का?" त्या म्हणाल्या. "तसं असतं होय ते. मला वाटलं, वाजतो आणि तुम्ही मन घट्ट करता."

"चिठ्ठ्या लिहून पाठवायच्या होत्यात," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याची त्यालाच लाज वाटली.

"तुम्हीच नको म्हणाला होतात ना."

रुळावरची एक बाई तोंडाला पदर लावून खाली गेली. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात. पण त्या घरात शिव्या घालायची पद्धत नव्हती.

त्यानंतर त्याने जे केलं त्याला बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. मंजुरीचा अधिकार सूनबाईंना दिला, वर आणखी दोघींना दिला. कुलूपच काढून टाकलं. आता अडायला काही येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. तो रोज लॉन्ड्रीत जाऊ लागला, सोमवारी, मंगळवारी, झोपायच्या गुरुवारीसुद्धा. गोदामवाल्यांनी नाराजी कळवली. त्याने उत्तर दिलं नाही. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांपुढे जाऊन बसला, सगळी चूक माझी, लॉन्ड्रीची नाही, असं त्याने तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिलं. व्यवस्थापक भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. उद्या पुन्हा अडलं तर ती माणसं काय करतील?"

"फोन करतील."

"खात्री आहे तुमची?"

बाईंना तो ओळखत होता. खोटं बोलता आलं असतं, पण त्या टेबलापुढे ते त्याच्या तोंडातून निघेना. हॉस्पिटलचं काम बड्या लॉन्ड्रीकडे गेलं.

हिवाळा संपायच्या आत बाईंनीही विकलं. त्याच बड्या लॉन्ड्रीला. नव्या मालकांनी यंत्रं घेतली, रूळ घेतले, बायकांपैकी तरण्या तेवढ्या घेतल्या. दारातली कमान काढून ठेवली, कारण त्यांच्याकडे त्यांची स्वतःची व्यवस्था होती आणि तिच्यावर एक पूर्णवेळ माणूस होता. लांबलचक टेबल जिन्यातून उतरेना, तेव्हा कापून काढलं. बाईंनी त्याला शेवटचा चहा पाजला आणि म्हणाल्या, "तुमचे बुधवार चांगले गेले आमच्याकडे." त्याला वाटलं होतं, आता तरी त्या काही बोलतील. बोलल्या नाहीत.

बुधवार मोकळा झाला. तीन-चार जणांनी मागितला, त्याने कुणाला दिला नाही. बुधवारी तो घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडे. बायको एरवी तोंडाळ, पण त्या दिवशी त्याला काही म्हणत नसे. एकदाच म्हणाली, "जाऊन या त्यांच्याकडे. इथे फरशी झिजवून काय होणार?"

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

त्याने बरेच दिवस घालवले. जायचं तर बुधवारी जायचं नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं. बुधवारी गेलं तर ते कामावर गेल्यासारखं होईल, आठवड्याच्या रतिबासारखं. बाईंना कळलं पाहिजे की आपण त्यांच्यासाठी वाकडी वाट करून आलो. म्हणून त्याने मुद्दाम शुक्रवार धरला. शेठना सकाळीच कळवलं, आज येणार नाही, घरगुती काम आहे. हे करताना त्याला छाती भरून आल्यासारखं वाटलं. आपण उशिरा का होईना, काहीतरी नीट करतो आहोत असं वाटलं.

बाई सुनेकडे राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर. सूनबाईंनी दार उघडलं. त्या आता एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होत्या आणि निघायच्याच बेतात होत्या. "आई आत आहेत. बसा तुम्ही," एवढं म्हणून त्या चपला घालून गेल्या. त्यांनी त्याला माफ केलं नव्हतं, आणि ते त्याला बरं वाटलं. कुणीतरी हिशेबी निघालं.

बाई आतल्या खोलीत पलंगाशी उभ्या होत्या. दोरीवरून काढलेल्या घरच्या चादरी पलंगावर पडल्या होत्या. बाई पूर्वीपेक्षा बारीक दिसत होत्या, पण त्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला. खरोखर खुलला. त्याचा जीव भांड्यात पडला.

"या, या. आलातच तर हे टोक धरा. एकटीला मोठी चादर घडी करता येत नाही."

त्याने टोकं धरली. इतके बुधवार त्या टेबलाजवळ काढले, पण चादरीला हात कधी लावला नव्हता. बाईंनी दाखवलं तसं ताणून धरायचं, मधे जुळवायचं, मग चालत पुढे येऊन आपली टोकं त्यांच्या हातात द्यायची. पहिली वाकडी झाली. बाईंनी ती झटकून पुन्हा घातली.

"कसं चाललंय?" त्यांनी विचारलं. "गोदामवाले, मोटारवाले?"

"ठीक."

"आणि आमच्या जागी कोण?"

"कुणी नाही. बुधवार तसाच ठेवलाय."

"असं करू नये. रिकामा ठेवू नये." त्यांनी दुसरी चादर उचलली, झटकली आणि तिची टोकं त्याच्याकडे फेकली. मग आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आज बुधवार आहे का?"

"नाही. शुक्रवार."

"शुक्रवार? मग ते टाइल्सवाले?"

"त्यांना सांगितलं, आज नाही येत." तो जरा हसला. या वाक्यासाठीच तो आला होता. "म्हटलं, तुम्हाला भेटायचं तर वार कसला बघायचा."

चादर दोघांच्या मधे ताणलेली होती. बाईंनी तिला आणखी ओढ दिली नाही. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि खुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला. अनेक महिने न जुळलेला एक आकडा एकदम जुळावा तसं त्यांना झालं असावं.

"म्हणजे मोडता येत होता," त्या म्हणाल्या.

त्याने तोंड उघडलं. घरून निघताना किती वाक्यं तयार केली होती.

"मला वाटलं, नाहीच येत मोडता," बाई म्हणाल्या. आवाज साधाच होता. "म्हणून मी त्या सगळ्यांना धरून बसवलं. सून हातापाया पडत होती माझ्या. ड्रायव्हर म्हणाला, मी जाऊन घेऊन येतो साहेबांना. मी म्हटलं, नाही, आज ते दुसऱ्यांचे आहेत."

"बाई..."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. शुक्रवारी शेठचा फोन वाजत असे, कारण शुक्रवार शेठचा होता. येणार नाही म्हणून कळवलं होतं, तरी वाजत होता. थांबला आणि लगेच परत सुरू झाला. दोन्ही हातांत चादरीची टोकं घेऊन तो तसाच उभा राहिला.

बाई चालत पुढे आल्या आणि त्याच्या हातातली टोकं त्यांनी आपल्या हातात घेतली.

"घ्या फोन," त्या म्हणाल्या. "त्यांचा वार आहे."

आणि त्या पलंगाकडे वळून ती मोठी चादर एकट्याच घडी करायला लागल्या.